शाळेचा बाँड: किती कोटी, यापेक्षा किती वर्षं

कॅलिफोर्नियात शाळेच्या बाँडला, म्हणजे शाळेच्या इमारतींसाठी रोखे विकून काढायच्या आणि मालमत्ता करातून फेडायच्या कर्जाला, मतपत्रिकेवर 75 शब्दांची जागा मिळते. कायद्यानेच तेवढी मोजून दिली आहे. त्या 75 शब्दांत गळकी छपरं, जुने नळ, भूकंपसुरक्षा आणि प्रयोगशाळा असतात. ‘स्वतंत्र नागरिक समिती देखरेख ठेवेल’ आणि ‘हा पैसा राज्य सरकारला नेता येणार नाही’ ही ठरलेली वाक्यं असतात. सगळ्यांच्या मध्ये बाँडची रक्कम असते. मतदार ती वाचतो, तिच्या पुढची शून्यं मोजतो, आणि होय किंवा नाही म्हणतो.

शाळेच्या इमारतीसाठी कर्ज काढण्यापूर्वी लोकांचं मत घ्यावं ही पद्धत मला योग्य वाटते. पण मतपत्रिका लोकांना जो आकडा ठळकपणे दाखवते, तो निर्णयासाठी सगळ्यांत कमी उपयोगाचा आहे. कर्ज किती वर्षांचं, व्याज कधीपासून भरायचं, त्या पैशातून घेतलेली वस्तू किती वर्षं टिकणार आणि एकूण परतफेड किती, यावर बाँड चांगला की वाईट हे ठरतं. यातली बरीचशी माहिती मतदाराला मागच्या पानांत शोधावी लागते.

फ्रीमाँट, क्युपर्टिनो, डब्लिन, सॅन रमोन इथल्या मराठी घरांना हा विषय परका नाही. घर घेतानाच बहुतेकांनी शाळा पाहिलेली असते, आणि प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर बाँडच्या ओळी असतातच. क्युपर्टिनोसारख्या ठिकाणी प्राथमिक शाळांचं डिस्ट्रिक्ट (शाळा चालवणारी स्थानिक संस्था) वेगळं, हायस्कूलचं वेगळं, कम्युनिटी कॉलेजचं आणखी वेगळं, म्हणून ओळीही वेगवेगळ्या. एच-वन व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेला घरमालक हा सगळा कर भरतो, मत मात्र देऊ शकत नाही.

या पद्धतीचं मूळ 1978 मध्ये आहे. त्या वर्षी प्रपोझिशन 13, म्हणजे राज्यभरच्या मतदारांपुढे ठेवलेला तेराव्या क्रमांकाचा प्रस्ताव, मंजूर झालं आणि मालमत्ता कर करपात्र मूल्याच्या 1 टक्क्यावर बांधला गेला. घर विकलं जाईपर्यंत हे मूल्य वर्षाला 2 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. या कलमाने स्थानिक बाँडचा रस्ताही बंद झाला. तो 1986 मध्ये प्रपोझिशन 46 ने पुन्हा उघडला, पण दोन तृतीयांश मतांची अट घालून. म्हणजे 65 टक्के लोक ‘होय’ म्हणाले तरी बाँड पडायचा. मार्च 2000 मध्ये साध्या बहुमताचा प्रस्ताव आला आणि हरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रपोझिशन 39 आलं, त्याने अट 55 टक्क्यांवर आणली. गंमत अशी, की त्याला स्वतःला 53 टक्क्यांच्या आसपासच मतं पडली होती. स्वतःच्याच अटीवर ते नापास झालं असतं.

55 टक्क्यांच्या बदल्यात काही अटी आल्या. बाँडच्या पैशातून शिक्षकांचे पगार किंवा रोजचा खर्च करता येत नाही. कामांची यादी आधी जाहीर करावी लागते. दरवर्षी आर्थिक आणि कामगिरीचं, असं दोन्ही लेखापरीक्षण होतं. निकाल नोंदवल्यापासून 60 दिवसांत किमान सात जणांची नागरिक समिती नेमावी लागते. शिवाय कराच्या दरावर मर्यादा आली: प्राथमिकपासून बारावीपर्यंत सगळं सांभाळणाऱ्या युनिफाइड डिस्ट्रिक्टला प्रत्येक बाँडसाठी करपात्र मूल्याच्या दर लाख डॉलरला 60 डॉलर, नुसत्या प्राथमिक किंवा नुसत्या हायस्कूल डिस्ट्रिक्टला 30, कम्युनिटी कॉलेजला 25.

या 60 डॉलरबद्दल मोठा गैरसमज आहे. लोक त्याला कमाल दर समजतात. प्रत्यक्षात ही मर्यादा बाँड विकतानाच्या अंदाजावर आहे. परिसरातल्या मालमत्तांचं मूल्य दरवर्षी अमुक टक्के वाढेल असं धरून डिस्ट्रिक्ट हिशेब करतं आणि दर 60 च्या आत बसतो असं दाखवतं. उद्या घरांच्या किमती कोसळल्या, तरी बाँडधारकाचा हप्ता चुकवता येत नाही. काउंटीचा लेखाधिकारी दरवर्षी हप्त्यापुरता दर लावतो, तो 60 च्या वर गेला तरी लावतो. कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने हीच त्या बाँडची ताकद आहे, म्हणून त्याला चांगलं मानांकन आणि कमी व्याज मिळतं. मतदाराने मात्र 60 हा आकडा हमी म्हणून वाचू नये.

आता मुदतीचा हिशेब. 10 कोटी डॉलर 4 टक्के व्याजाने 25 वर्षांच्या समान हप्त्यांत फेडले, तर वर्षाला साधारण 64 लाख आणि एकूण 16 कोटी जातात. तेच 30 वर्षांवर नेलं की हप्ता 58 लाखांवर येतो आणि एकूण परतफेड 17 कोटी 35 लाखांच्या आसपास जाते. घराच्या कर्जाइतकंच हे समजण्यासारखं आहे, यात लबाडी काही नाही. गोष्ट बिघडते ती हप्ताच लांबणीवर टाकल्यावर. कॅपिटल ॲप्रिसिएशन बाँड नावाच्या प्रकारात दरवर्षी व्याज देतच नाहीत. ते मुद्दलात मिळत राहतं आणि शेवटी एकरकमी फेडायचं असतं. 10 कोटींवर 7 टक्क्यांनी 30 वर्षं असं व्याज चढलं, तर देणं 76 कोटींवर जातं.

हे कागदावरचं भय नाही. सॅन दिएगो काउंटीतल्या पोवे युनिफाइड डिस्ट्रिक्टने 2011 मध्ये असे सुमारे 10.5 कोटी डॉलरचे बाँड विकले. पहिली वीसेक वर्षं काहीच भरायचं नाही, परतफेड 2033 पासून 2051 पर्यंत, आणि एकूण देणं सुमारे 98 कोटी. नऊ पटींहून जास्त. मुदतीआधी फेडून टाकायची सोयही त्यात नव्हती. व्याजदर पडले तरी नवं स्वस्त कर्ज काढून जुनं मिटवता येणार नाही, असा करार होता.

बातम्यांमध्ये पोवेचं वर्णन मूर्खपणा किंवा बँकांची लूट असं झालं. माझ्या मते खरं कारण त्याहून साधं आहे, आणि म्हणूनच जास्त धोक्याचं. 2008 मध्ये मतदारांनी तिथला 17.9 कोटींचा बाँड मंजूर केला, तो ‘कराचा दर वाढणार नाही’ या आश्वासनावर. त्याच सुमारास घरांच्या किमती घसरल्या. मूल्य वाढत राहील हे गृहीत कोसळलं, आधीच्या बाँडचे हप्ते तर चालूच होते. शाळांची कामं अर्धवट होती. दर न वाढवता नवा पैसा आणायचा, तर आजचा हप्ता शून्य ठेवणं एवढाच मार्ग उरला. आश्वासन पाळलं गेलं, बिल पुढच्या पिढीच्या नावावर निघालं. पोवे एकटं नव्हतं. राज्यातल्या बऱ्याच डिस्ट्रिक्टनी त्या वर्षांत हाच उपाय वापरला.

2013 मध्ये राज्याने कायदा करून याला वेसण घातली. आता अशा बाँडची मुदत 25 वर्षांच्या पुढे नेता येत नाही, एकूण परतफेड मुद्दलाच्या चौपटीपेक्षा जास्त होऊ देता येत नाही, आणि दहा वर्षांहून लांब मुदत असेल तर मुदतीआधी फेडण्याची सोय ठेवावी लागते. चौपट हीसुद्धा बरीच मोठी सूट आहे. आणि ‘दर वाढणार नाही’ हे वाक्य आजही प्रचारपत्रकात सर्रास दिसतं. त्याचा नेमका अर्थ असा, की जुना बाँड फिटत आल्यावर कमी होणारा कर नवा बाँड कमी होऊ देणार नाही. हे तसं सांगितलं तर बरेच लोक तरीही ‘होय’ म्हणतील. पण तसं सांगत नाहीत.

माहिती लपवलेली आहे असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. मतदारांना येणाऱ्या पुस्तिकेत ‘टॅक्स रेट स्टेटमेंट’ नावाचं एक-दोन पानी निवेदन असतं. त्यात सरासरी दर, सर्वांत जास्त दर कोणत्या वर्षी लागेल, कर कोणत्या वर्षापर्यंत चालेल, आणि मुद्दल-व्याज मिळून एकूण परतफेड किती, हे द्यावंच लागतं. मतपत्रिकेवरही आता वर्षाला किती रक्कम गोळा होईल आणि किती काळ, हे लिहिणं सक्तीचं आहे. एकूण परतफेड मात्र तिथे नाही. ती पुस्तिकेच्या पोटात. पुस्तिका उघडून ते पान शोधणारे किती असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

टेक्ससने दुसरं टोक गाठलं. 2019 पासून तिथे शाळेच्या प्रत्येक बाँडच्या प्रश्नात ‘ही मालमत्ता करातली वाढ आहे’ असं ठळक वाक्य घालावं लागतं, प्रत्यक्षात दर वाढणार असो वा नसो. हेही मला पटत नाही. ते वाक्य माहिती देत नाही, भीती घालतं. वीस वर्षांचा शहाणा बाँड आणि चाळीस वर्षांचा उधळ्या बाँड यांना एकाच रंगात रंगवतं. मतपत्रिकेवर मुद्दल, एकूण परतफेड आणि शेवटच्या हप्त्याचं वर्ष, हे तीन आकडे एकाशेजारी एक छापले की पुरे. मग वाक्याची गरज उरत नाही.

मुदतीची दुसरी बाजू वस्तूच्या आयुष्याची. नीट बांधलेली शाळा पन्नास वर्षं जाते, छप्पर वीस-पंचवीस, वातानुकूलन यंत्रणा पंधरा-वीस, आणि लॅपटॉप चार-पाच. लॉस एंजेलिस युनिफाइडने 2013 मध्ये बाँडच्या पैशातून विद्यार्थ्यांना आयपॅड द्यायला सुरुवात केली. मुलांनी काही आठवड्यांत त्यावरची बंधनं ओलांडली, अभ्यासक्रमाचं सॉफ्टवेअर अपुरं निघालं, कंत्राटावर प्रश्न उठले आणि 2014 मध्ये ते कंत्राट थांबवलं गेलं. पण आयपॅड उत्तम चालले असते तरी हिशेब चुकलेलाच होता. यंत्र भंगारात गेल्यावरही त्याचं कर्ज वीस वर्षं फेडत राहायचं, हे कुठल्या घरात चालतं? तंत्रज्ञान घ्यायचंच असेल तर त्यासाठी बाँडचा वेगळा, तीन ते पाच वर्षांत फिटणारा भाग विकता येतो, आणि काही डिस्ट्रिक्ट तसं करतातही. कामांची यादी वाचताना हा भेद कुठे केलाय का, ते पाहावं.

यादीबद्दलही थोडं. ‘आधी जाहीर केलेली यादी’ हे ऐकायला भक्कम वाटतं. बहुतेक याद्या इतक्या ऐसपैस लिहिलेल्या असतात, की जवळजवळ प्रत्येक शाळेत जवळजवळ प्रत्येक काम बसतं. शेवटी बारीक अक्षरात असतं, की यादीत नाव असलं म्हणजे काम होईलच असं नाही. यात वकिलांची सावधगिरी आहे, तशी गरजही आहे, कारण बाँड मंजूर होताना कुठल्याच इमारतीचे पूर्ण नकाशे झालेले नसतात. पण गरजांचा आराखडा, म्हणजे शाळानिहाय पाहणी आणि खर्चाचा अंदाज, बाँडच्या आधी झालेला हवा. तो नसेल आणि फक्त मतदारांचं सर्वेक्षण झालं असेल, तर रक्कम गरजेवरून ठरलेली नसून लोक किती सोसतील यावरून ठरलेली असते.

अंदाज चुकण्याची कारणं ठरलेली आहेत. 10 मार्च 1933 च्या लाँग बीच भूकंपात सुमारे 70 शाळा जमीनदोस्त झाल्या. भूकंप संध्याकाळी सहाच्या सुमारास झाला म्हणून वर्ग रिकामे होते. महिन्याभरात फील्ड ॲक्ट झाला, आणि तेव्हापासून सरकारी शाळेचा प्रत्येक नकाशा राज्याच्या वास्तुविशारद विभागाकडून, म्हणजे डीएसएकडून तपासून घ्यावा लागतो. कामावर मान्यताप्राप्त निरीक्षक ठेवावा लागतो. यात महिने जातात, आणि तेवढ्यात सिमेंट-पोलादाचे भाव पुढे सरकतात. नूतनीकरणात तर भिंत फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. जुन्या फरशीखाली ॲस्बेस्टॉस निघतं. नवीन वातानुकूलनाला मुख्य वीजपॅनेल पुरत नाही, मग ट्रान्सफॉर्मरपासून बदल करावा लागतो आणि वीज कंपनीच्या रांगेत उभं राहावं लागतं. वर्ग दुरुस्त करायला घेतला की पार्किंगपासून त्या वर्गापर्यंतची वाट आणि स्वच्छतागृह व्हीलचेअरच्या नियमांत बसवणं आलं. हे सगळं उन्हाळ्याच्या दहा आठवड्यांत करायचं. नाही जमलं तर मुलांना तात्पुरत्या पोर्टेबल खोल्यांत हलवायचं, त्यांचं भाडं वेगळं. आर्किटेक्ट, तपासणी, परवाने, व्यवस्थापन यांवर एकूण खर्चाचा चौथा हिस्सा सहज जातो. ज्या अंदाजपत्रकात हा हिस्सा आणि भाववाढीची तरतूद दिसत नाही, त्यातली शेवटची चार-पाच कामं होणार नाहीत असंच समजावं.

मग एवढ्या कटकटीपेक्षा बाँड नकोच, राज्याने आपल्या तिजोरीतून शाळा बांधाव्यात, असं म्हणणारे आहेत. त्यांनी लॉस एंजेलिसचाच इतिहास पूर्ण पाहावा. नव्वदच्या दशकात तिथे वर्ग इतके कमी होते, की शाळा पाळ्यांमध्ये वर्षभर चालायच्या, आणि त्यातल्या एका वेळापत्रकात मुलांना 180 ऐवजी 163 दिवसच शाळा मिळायची. 1997 च्या 2.4 अब्ज डॉलरच्या बाँडपासून मतदारांनी एकामागून एक बाँड मंजूर केले, शंभराहून जास्त नवीन शाळा उभ्या राहिल्या, आणि त्या पाळ्या बंद झाल्या. बारा वर्षांच्या शालेय आयुष्यात वर्षाचे 17 दिवस म्हणजे एका पूर्ण वर्षाहून जास्त शाळा. त्या कर्जावरचं व्याज मला महाग वाटत नाही.

करदात्यांच्या संघटनांचा एक मुद्दा मात्र गंभीर आहे. ‘होय’च्या प्रचाराला पैसा बहुतेकदा आर्किटेक्ट, कंत्राटदार आणि बाँड विकणाऱ्या संस्थांकडून येतो, म्हणजे ज्यांना पुढे काम मिळणार त्यांच्याकडूनच. डिस्ट्रिक्टला सरकारी पैशातून माहिती देता येते, प्रचार करता येत नाही; आणि प्रचाराच्या मदतीच्या मोबदल्यात बाँडचं काम देणं बेकायदा आहे, असा अभिप्राय राज्याच्या ॲटर्नी जनरलनी 2016 मध्ये दिला. तरीही देणगीदारांची यादी निवडणूक कार्यालयात उघडी असते, ती पाहण्यासारखी असते. ‘भाडेकरू मत देतो आणि घरमालक भरतो’ हा दुसरा आक्षेप मला तितका पटत नाही. कर शेवटी भाड्यात उतरतोच, थोडा उशिरा एवढंच. खरी विषमता घरमालकांमध्येच आहे. एकाच गल्लीतली दोन सारखी घरं. एक 1985 मध्ये घेतलेलं, करपात्र मूल्य समजा 3 लाख, दुसरं परवा घेतलेलं, 18 लाख. दर 60 असेल तर पहिला वर्षाला 180 डॉलर देतो, दुसरा 1,080. मुलं दोन्ही घरांतली एकाच वर्गात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत घर घेतलेली मराठी कुटुंबं कोणत्या बाजूला आहेत हे सांगायला नको.

त्याहून मोठी दरी डिस्ट्रिक्टांमध्ये आहे, आणि मतदान ती बुजवू शकत नाही. डिस्ट्रिक्ट किती कर्ज काढू शकतं हे त्याच्या हद्दीतल्या एकूण करपात्र मूल्यावर ठरतं. युनिफाइडसाठी ही मर्यादा बराच काळ 2.5 टक्के होती. समजा, एका ठिकाणी विद्यार्थ्यामागे 40 लाखांची मालमत्ता आहे, दुसरीकडे 4 लाखांची. पहिलं डिस्ट्रिक्ट विद्यार्थ्यामागे एक लाख उभं करू शकतं, दुसरं दहा हजार, आणि दुसरीकडे शंभर टक्के लोकांनी ‘होय’ म्हटलं तरी आकडा तोच. सिलिकॉन व्हॅलीत आणि सेंट्रल व्हॅलीच्या शेतमजुरांच्या गावांत हाच फरक आहे. राज्य मदत करतं, पण जोडनिधीच्या रूपात: नूतनीकरणात साधारण 60 टक्के राज्याचे, 40 स्थानिक. ज्याच्याकडे 40 नाहीत त्याला 60 मिळवायला वेगळी, किचकट वाट धरावी लागते. शिवाय अर्ज आले त्या क्रमाने निकालात काढायचे, म्हणजे ज्यांच्याकडे सल्लागार आणि डीएसएचा शिक्का असलेले नकाशे तयार आहेत ते रांगेत पुढे. नोव्हेंबर 2024 च्या प्रपोझिशन 2 ने 10 अब्ज डॉलर उभे केले आणि गरीब डिस्ट्रिक्टसाठी राज्याचा वाटा 65 टक्क्यांपर्यंत नेण्याची सोय केली. पाच टक्क्यांची ही मलमपट्टी आहे. जिथे विद्यार्थ्यामागे मालमत्ता दहापट कमी, तिथे राज्याने 90 टक्के द्यावेत आणि श्रीमंत भागात 20. दोन्हीकडच्या मतदाराला वर्गखोलीमागे सारखाच कर पडावा. तेवढं झालं तर स्थानिक मताला न्याय्य अर्थ येईल.

महाराष्ट्रात मालमत्ता कराच्या बिलावर शिक्षण कराची ओळ 1962 च्या कायद्यापासून आहे, आणि तिच्यावर कुणी कधी मत दिलेलं नाही. पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटी रुपयांचे रोखे विकले, तेही सभागृहाच्या ठरावावर. आपल्याकडची पद्धत सोपी आहे, पण त्या ओळीतून आपल्या वॉर्डातल्या शाळेचं कुठलं छप्पर झालं, हे विचारायला जागा नाही. कॅलिफोर्नियात ती जागा आहे, फक्त ती रिकामी राहते.

ती जागा म्हणजे नागरिक समिती. तिला कुठलाही खर्च रोखण्याचा अधिकार नाही. झालेला खर्च तपासायचा आणि लोकांना सांगायचं, एवढंच काम. त्यात उद्योग, ज्येष्ठ नागरिक आणि करदात्यांच्या संघटनेचा एकेक प्रतिनिधी आणि पालक असावे लागतात. डिस्ट्रिक्टचे नोकर आणि कंत्राटदार चालत नाहीत. करदात्यांच्या प्रतिनिधीची खुर्ची कित्येक ठिकाणी महिनोन्‌महिने भरलेली नसते. बैठका मात्र सगळ्यांना खुल्या असतात, मतदार नसलेल्यांनाही. तिथे विचारायचे प्रश्न साधे आहेत: मंजूर झालेल्यापैकी किती बाँड अजून विकायचे आहेत, मूळ अंदाजापेक्षा प्रत्येक काम किती वर गेलं, बदल आदेशांवर, म्हणजे काम सुरू झाल्यावर केलेल्या फेरबदलांवर, किती खर्च झाला, आणि पूर्ण झालेल्या किती इमारतींना डीएसएचं अंतिम प्रमाणपत्र मिळालं. शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. कंत्राटदार निघून जातो, एखादा तपासणी अहवाल राहून जातो, फाइल तशीच पडते. दहा वर्षांनी त्याच इमारतीत नवं काम काढायचं ठरलं की डीएसए आधी जुनी फाइल मिटवायला सांगतं, आणि तेव्हा बंद भिंती पुन्हा उघडून दाखवायचा खर्च पुढच्या बाँडमधून होतो.